प्रत्येकाचा रुमाल वेगळा

जळगावच्या दाणा बाजारातली एखादी डाळीची पेढी घ्या, धुळ्यात आग्रा रोडवरचे झेरॉक्स-टायपिंगचे दुकान घ्या, नाहीतर चोपडा-यावलकडच्या गावातले आपले सरकार सेवा केंद्र. संगणक चालू केला की पडद्यावर बहुधा एकच नाव येते: 'ॲडमिन', 'यूजर' किंवा दुकानाचेच नाव. पासवर्ड नसतो, असलाच तर चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. सकाळी त्या खुर्चीवर मुनीमजी बसतात, दुपारी शेठजींचा मुलगा, संध्याकाळी जीएसटीचे रिटर्न भरणारा मुलगा. तिघांच्या फायली एकाच डेस्कटॉपवर, तिघांचे जीमेल एकाच ब्राउझरमध्ये, आणि कोणी काय पुसले याचा पत्ता कोणालाच नाही.

यात दुकानदाराचा दोष कमी आहे. संगणक विकणाऱ्याने विंडोज टाकून देताना एक खाते उघडून दिले, तेच पुढे दहा वर्षे चालले. दुसरे खाते उघडायला पाच मिनिटे लागतात आणि पैसा एकही लागत नाही, हे सांगायला कोणी आलेच नाही.

एका यंत्रावर अनेकांनी काम करायचे आणि तरी प्रत्येकाचे सामान वेगळे राहायचे, ही सोय घरगुती संगणकापेक्षा जुनी आहे. १९६१ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची प्रणाली करून दाखवली. एका मोठ्या यंत्राला अनेक टर्मिनल जोडलेली आणि प्रत्येकावर वेगळा माणूस बसलेला. ज्याच्या फायली त्यालाच दिसाव्यात म्हणून या प्रणालीत पासवर्ड आला. पुढे युनिक्सने प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःची 'होम' डिरेक्टरी दिली. घरगुती संगणक आला तेव्हा मात्र हा धागा तुटला. एमएस-डॉसला वापरकर्ता नावाची गोष्टच ठाऊक नव्हती. एक यंत्र, एक माणूस असे धरून चाललेले. विंडोज ९५ मध्ये प्रत्येकाची मांडणी वेगळी ठेवता येई, पण ती सोय मुद्दाम चालू करावी लागे. १९९३ च्या विंडोज एनटीत खाती पक्की झाली आणि २००१ च्या एक्सपीबरोबर ती घराघरांत पोचली.

खानदेशात एक यंत्र एक माणूस हे कधी खरे नव्हतेच. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली आणि पुढे तिच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचे वर्ग अमळनेर, पाचोरा, शिरपूर, साक्री अशा तालुक्यांच्या गावांत उघडले. तिथे एकेका संगणकावर सकाळपासून रात्रीपर्यंत बॅचमागून बॅच बसे. जिथे यंत्र थोडे आणि माणसे फार, तिथेच वेगळ्या खात्यांची गरज सगळ्यात मोठी असते.

विंडोजमध्ये खाते उघडले की लगेच फार काही घडत नाही. खरी घडामोड पहिल्यांदा लॉगिन करताना होते. सी ड्राइव्हमध्ये 'यूजर्स' नावाचे फोल्डर असते. त्यात 'डिफॉल्ट' नावाचे एक लपवलेले फोल्डर आधीपासून असते. नवा माणूस पहिल्यांदा आत शिरला की विंडोज त्या 'डिफॉल्ट'ची नक्कल काढते आणि ती त्याच्या नावाने ठेवते. हीच त्याची प्रोफाइल. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे तिचे वर दिसणारे भाग. खाली 'ॲपडेटा' नावाचे लपवलेले फोल्डर असते, त्यात 'लोकल', 'लोकललो' आणि 'रोमिंग' असे तीन कप्पे. ब्राउझरचे बुकमार्क, वर्डचे टेम्प्लेट, आउटलुकच्या सह्या हे सारे तिथे. आणि मुळाशी 'एनटीयूजर डॅट' नावाची एक फाईल. वॉलपेपर कोणता, प्रिंटर कोणता, कीबोर्ड कोणता, या माणसाच्या सगळ्या आवडीनिवडींची नोंद त्या एका फाईलीत असते आणि तो लॉगिन करताच ती उघडली जाते.

धुळ्याच्या वाचकाला हे समजावणे सोपे आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी महाराष्ट्र पालथा घालून घराघरांतून कागद गोळा केले, १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि १९२७ साली त्यांच्या नावाने इथे संशोधन मंडळ उभे राहिले. जुन्या दप्तरखान्यांत कागद रुमालांत बांधून ठेवत. कोणाचा रुमाल कोणता हे पक्के असले की शंभर वर्षांनीही कागद सापडतो. दहा घरांचे कागद एकाच रुमालात कोंबले की सारे असूनही काही हाती लागत नाही. प्रोफाइल हा संगणकातला रुमाल आहे.

आता मराठी माणसाला सगळ्यात आधी बोचणारी गोष्ट. नवे खाते उघडले, वर्ड उघडले, आणि मराठी कीबोर्ड गायब. काल तर होता! होता, पण दुसऱ्याच्या प्रोफाइलमध्ये. कीबोर्डची यादी प्रत्येक वापरकर्त्याची वेगळी असते. इनस्क्रिप्ट असो किंवा २०१९ पासून विंडोज १० मध्ये आलेला मराठी फोनेटिक असो, एका खात्यात जोडला म्हणून तो दुसऱ्यात आपोआप येत नाही. ज्या प्रयोगशाळेत प्रत्येक संगणकावर पाच-सहा खाती आहेत, तिथे सर बिचारे एकेका खात्यात शिरून कीबोर्ड जोडत बसतात.

याला फार सुंदर तोड आहे आणि ती विंडोजमध्येच पडून आहे. ज्या खात्यात मराठी कीबोर्ड नीट बसवला आहे, त्या खात्यातून जुन्या कंट्रोल पॅनेलमधले 'रीजन' उघडायचे, 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह' या टॅबवर जायचे आणि 'कॉपी सेटिंग्ज' हे बटण दाबायचे. खाली दोन चौकटी दिसतात: एक लॉगिनच्या पडद्यासाठी, दुसरी नव्या खात्यांसाठी. दोन्हींवर खूण करून ओके म्हटले की यापुढे त्या संगणकावर उघडलेले प्रत्येक खाते मराठी कीबोर्ड घेऊनच जन्माला येते. आधीच उघडलेल्या खात्यांना याचा उपयोग नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी एक खाते मनासारखे मांडा, मग हे बटण दाबा, मग बाकीची खाती उघडा.

फॉन्टचेही असेच. श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या लग्नपत्रिका आणि अर्जांचे नमुने अजून खानदेशातल्या डीटीपीवाल्यांकडे ढिगाने आहेत. हे फॉन्ट युनिकोडचे नाहीत. फॉन्ट नसला की मजकूर रोमन अक्षरांचा नुसता खिचडा दिसतो. विंडोज १० च्या २०१८ अखेरच्या आवृत्तीपासून फॉन्टवर डबल क्लिक करून 'इन्स्टॉल' म्हटले की तो फक्त त्या वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये बसतो. शेजारच्या खात्यात तीच पत्रिका उघडली की खिचडा. फॉन्टच्या फाईलीवर उजवे बटण दाबून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडले तरच तो सगळ्यांना मिळतो. फाईल बिघडली, व्हायरस आला अशी शंका घेऊन फॉरमॅट मारण्याआधी एवढे तपासून पाहावे.

आणि शब्दांचा संग्रह. अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत लिहिणारे लेखक जळगाव-धुळ्यात पुष्कळ आहेत. मराठी शुद्धलेखन तपासणी चालू असली की वर्ड 'शे', 'मन्हा', 'आंडेर' अशा शब्दांखाली लाल रेघ मारते. लेखक उजवे बटण दाबून 'ॲड टू डिक्शनरी' म्हणत जातो आणि वर्षानुवर्षांत शेकडो शब्दांचा खासगी कोश तयार होतो. हा कोश 'ॲपडेटा'च्या 'रोमिंग' कप्प्यात, मायक्रोसॉफ्टच्या 'यूप्रूफ' फोल्डरमध्ये 'कस्टम डिक' नावाने असतो. आपोआप दुरुस्त होणाऱ्या शब्दांची यादी तिथेच जवळ 'ऑफिस' फोल्डरमध्ये असते आणि मराठीच्या यादीच्या फाईलीच्या नावात ११०२ हा आकडा असतो, कारण विंडोजच्या हिशेबी मराठी भाषेचा तो क्रमांक आहे. दोन्ही फायली चिमुकल्या असतात, पण नवा संगणक घेताना बहुतेक जण 'डॉक्युमेंट्स' तेवढे उचलतात आणि हा कोश मागे राहून मरतो. लुगडे नेसून जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडचा शब्द टिपून आणणाऱ्याने या दोन फायलींची प्रत पेनड्राइव्हवर ठेवायलाच हवी.

खाते उघडताना नावाची घाई करू नये. प्रोफाइलच्या फोल्डरला जे नाव एकदा पडते ते पडते. नंतर खात्याचे नाव बदलले तरी फोल्डर जुन्याच नावाने राहते. मायक्रोसॉफ्टच्या ई-मेल खात्यातून थेट सुरुवात केली तर विंडोज त्या पत्त्याची पहिली पाच इंग्रजी अक्षरे घेऊन फोल्डर बनवते. पत्ता पाटील आडनावाने सुरू होत असेल तर नाव पुरे बसते. चौधरी असेल तर 'सी-एच-ए-यू-डी' इथेच तुटते. आणि एका घरातल्या चार पाटलांची फोल्डरे जवळजवळ सारखी दिसू लागतात. दुसरी अडचण देवनागरीची. खात्याचे नाव सुरुवातीलाच देवनागरीत दिले तर फोल्डरही देवनागरी नावाचे होते आणि काही जुनी सॉफ्टवेअरे तिथे अडखळतात. यावर साधा उपाय असा की खाते आधी छोट्या रोमन नावाने उघडावे आणि एकदा लॉगिन झाल्यावर दिसणारे नाव मराठीत करावे. पडद्यावर 'मुनीमजी' दिसते, आत फोल्डर रोमन राहते, आणि सगळे सुखाने चालते. मालकाचे एक खाते ॲडमिनिस्ट्रेटरचे असावे, बाकीची 'स्टँडर्ड'. रोजचे काम मालकानेही स्टँडर्ड खात्यातूनच केलेले बरे.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी वीज कधी जाईल याचा नेम नसतो. यूपीएसची बॅटरी थकलेली असेल तर संगणक धाडकन बंद पडतो. अशा वेळी 'एनटीयूजर डॅट' फाईल उघडी असते आणि तिच्यात काही लिहिले जात असते. ती सावरायला विंडोजने सोबत दोन लॉग फायली ठेवलेल्या असतात, आणि बहुतेक वेळा त्या कामी येतात. एखाद्या दिवशी येत नाहीत. मग वीज आल्यावर जे दिसते त्याने भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो: डेस्कटॉप कोरा, वॉलपेपर कंपनीचा, फायली गायब, आणि कोपऱ्यात एक इंग्रजी सूचना की तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये आहात.

अशा वेळी काय करू नये हे आधी सांगायला हवे. तिथे काम करू नये. तात्पुरती प्रोफाइल साइन आउट होताच पुसली जाते. दिवसभर टाइप केलेले दाखले डेस्कटॉपवर ठेवले असतील तर संध्याकाळी ते उरत नाहीत. आणि घाबरून फॉरमॅट तर मुळीच मारू नये, कारण जुन्या फायली 'यूजर्स'मधल्या आपल्या मूळ फोल्डरमध्ये बहुधा जशाच्या तशा असतात. फक्त विंडोजला ते फोल्डर उघडता आलेले नसते. आधी एक-दोनदा रीस्टार्ट करून पाहावे. कधी अँटीव्हायरसने फाईल धरून ठेवलेली असते आणि तेवढ्याने सुटते. नाही सुटले तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, 'प्रोफाइललिस्ट' नावाची यादी असते, तिथे त्या वापरकर्त्याच्या नोंदीच्या शेपटाला 'बॅक' असे जोडलेले सापडते. ती नोंद जाणत्या माणसाकडून पूर्ववत करून घ्यावी.

त्या यादीत माणसाचे नाव नसते, 'एस-१-५-२१'ने सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक असतो. यालाच एसआयडी म्हणतात. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, या क्रमांकाने ओळखते. खाते पुसून त्याच नावाने पुन्हा उघडले तरी क्रमांक नवा मिळतो. जुने फोल्डर त्याचे राहत नाही; शेजारी नावापुढे संगणकाचे नाव जोडलेले दुसरे फोल्डर तयार होते. 'नाव तर तेच आहे, मग फायली का दिसत नाहीत' या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

प्रोफाइलची नक्कल करतानाही हाच क्रमांक आडवा येतो. एका खात्याचे सबंध फोल्डर उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवले की हक्क जुन्या क्रमांकाचे राहतात आणि नव्या मालकाला आपल्याच घरात मज्जाव होतो. एक्सपीच्या काळी 'यूजर प्रोफाइल्स'च्या खिडकीत 'कॉपी टू' बटण कोणत्याही खात्यासाठी चाले. विंडोज ७ पासून ते फक्त 'डिफॉल्ट'साठी उरले. बिघडलेल्या प्रोफाइलमधून माणूस बाहेर काढायचा तर रीत अशी: नवे खाते उघडून त्यात एकदा लॉगिन करून बाहेर यायचे, मग जुने नाही, नवे नाही, अशा तिसऱ्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्यात शिरायचे, आणि तिथून जुन्या फोल्डरमधले सामान नव्यात उतरवायचे. 'एनटीयूजर' नावाने सुरू होणाऱ्या फायली तेवढ्या सोडायच्या. तिसरे खाते कशासाठी, तर ज्या खात्यात आपण बसलो आहोत त्याच्या फायली उघड्या असतात आणि त्यांची धड नक्कल होत नाही.

सामान मोठे असेल तर विंडोजमधली 'रोबोकॉपी' ही आज्ञा माउसने ओढण्यापेक्षा कितीतरी भरवशाची. तिला दोन गोष्टी मात्र सांगाव्या लागतात. जुन्या सॉफ्टवेअरच्या सोयीसाठी प्रोफाइलमध्ये काही आभासी फोल्डरे ठेवलेली असतात, ती वगळायला 'एक्सजे' हा पर्याय द्यायचा. नाहीतर नक्कल स्वतःतच गोल फिरत राहू शकते. आणि अडलेल्या फाईलीसाठी किती वेळा प्रयत्न करायचा हे बजावायचे, कारण न सांगता ती एकेका फाईलीसाठी तीस-तीस सेकंद थांबत दहा लाख वेळा प्रयत्न करते. 'एमआयआर' या पर्यायाला नवख्याने हात लावू नये. तो मुक्कामाच्या ठिकाणी आधीपासून असलेल्या जादा फायली पुसून टाकतो.

पेढीवाल्यांनी इथे एक गोष्ट खास लक्षात ठेवावी. १९८६ साली बंगळुरूत गोएंका पितापुत्रांनी सुरू केलेले टॅली आज दाणा बाजारापासून सराफ बाजारापर्यंत सगळीकडे आहे. टॅलीप्राइमचा डेटा, कोणी जागा बदललेली नसेल तर, कोणाच्याच प्रोफाइलमध्ये नसतो. 'यूजर्स'मधल्या 'पब्लिक' या सामाईक फोल्डरमध्ये असतो. मुनीमजींची प्रोफाइल इमानदारीने नव्या संगणकावर नेली आणि जुनी डिस्क विकून टाकली, तर पेढीचा सारा हिशेब डिस्कबरोबर गेला. आधी टॅलीत कंपनीच्या डेटाची जागा बघावी, बॅकअप घ्यावा, मग बाकीचे.

ब्राउझरमधले पासवर्डही नकलेबरोबर येत नाहीत. क्रोमचे फोल्डर उचलून नेले तर बुकमार्क येतात, इतिहास येतो. साठवलेले पासवर्ड मात्र जुन्या विंडोज खात्याच्या किल्लीने कुलूपबंद असल्याने उघडत नाहीत. हे चांगलेच आहे. नाहीतर फोल्डर चोरणाऱ्याला बँकही मिळाली असती. पासवर्ड आधी वेगळे उतरवून घ्यावेत आणि काम होताच ती फाईल पुसावी, कारण तिच्यात सारे उघड्या अक्षरांत असते. विंडोज खात्याचा विसरलेला पासवर्ड ॲडमिनिस्ट्रेटरने बाहेरून बदलून दिला तरी त्या खात्यातले असे कुलूपबंद सामान हातचे जाऊ शकते, हेही ठाऊक असावे.

शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांचे गणित वेगळे. तिथे चाळीस यंत्रांवर सारखी मांडणी हवी असते. पुष्कळदा शिक्षक एक प्रोफाइल छान सजवून तिचे फोल्डर हाताने 'डिफॉल्ट'वर चढवतात. मग प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या वाट्याला शिक्षकाच्या अलीकडच्या फायलींची यादी येते आणि हक्कांचा गोंधळही. मायक्रोसॉफ्टने मान्य केलेला मार्ग सिसप्रेप या विंडोजमधल्याच साधनाचा: विंडोज टाकल्यावर पहिल्या पडद्यावर कंट्रोल-शिफ्ट-एफ ३ दाबून ऑडिट मोडमध्ये जायचे, मराठी कीबोर्डसकट सारे मांडायचे, आणि उत्तर-फाईलीत 'कॉपीप्रोफाइल' हा पर्याय चालू करून सिसप्रेप चालवायचे. ती मांडणी मग 'डिफॉल्ट'मध्ये उतरते आणि डिस्कची प्रतिमा सगळ्या यंत्रांवर टाकता येते. एकदा दिवस मोडतो, पण वर्ष निघते. विद्यार्थ्यांनी केलेले बदल रोज पुसले जावेत असे वाटत असेल तर 'एनटीयूजर डॅट'चे नाव 'एनटीयूजर मॅन' करून सक्तीची प्रोफाइल बनवता येते. लिनक्सवाल्यांना हे सारे सोपे: 'ईटीसी'मधल्या 'स्केल' फोल्डरमध्ये जे ठेवाल ते प्रत्येक नव्या वापरकर्त्याच्या घरात आपोआप जाते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि बरीच जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. म्हणजे संगणक बदलणे आलेच, आणि जुने विकणेही. सेवा केंद्राच्या जुन्या यंत्रातल्या 'डाउनलोड्स'मध्ये काय असते ते एकदा उघडून पाहावे: पीक विम्यासाठी दिलेले आधार, सातबारा, पासबुकाचे पहिले पान, कोणाच्या तरी मुलीचा जातीचा दाखला. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याने ही माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती घेणाऱ्यावर टाकली आहे, आणि कायदा नसता तरी ती होतीच. एक्सप्लोररमध्ये फोल्डर डिलीट करणे पुरेसे नाही. रजिस्ट्रीतली नोंद तशीच राहते. प्रोफाइल काढायची ती 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज'मधल्या 'यूजर प्रोफाइल्स'मधून. आणि यंत्र विकायचेच असेल तर आधी सगळ्यांचे सामान नव्या संगणकावर उतरले आहे याची खात्री करा, जुनी डिस्क महिनाभर बाजूला ठेवा, आणि मग 'रीसेट धिस पीसी'मध्ये सगळे काढून टाकण्याचा आणि ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडून ते पूर्ण होऊ द्या. त्याला काही तास लागतील, पण तेवढा वेळ द्या. ज्या शेतकऱ्याने विश्वासाने कागद तुमच्या हाती दिले, त्याचे आधार जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या एखाद्या काउंटरवर अनोळखी माणसासमोर उघडू देऊ नका.